भराभर वाढणाऱ्या वनस्पती काढून अनुबियास-क्रिप्टवर यायचं, पण टाकी शेवाळू न देता

पाणवेल

हा प्रश्न इतर धाग्यांत अधूनमधून निघतो आणि तिथेच विरतो, म्हणून स्वतंत्र धागा.

माशांची नवी टाकी लावताना आपण भराभर वाढणाऱ्या हायग्रोफिला, विस्टेरिया, लिम्नोफिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया भरतो. ते योग्यच आहे. पण वर्षभराने दर आठवड्याची छाटणी नकोशी होते आणि अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरायने (थोडक्यात क्रिप्ट), ब्युसेफलान्ड्रा या संथ वाढणाऱ्यांकडे मन वळतं. मग एका रविवारी जुनं सगळं उपटून नवं लावलं जातं. तिसऱ्या आठवड्यात अनुबियासच्या पानांवर शेवाळाचे हिरवे ठिपके दिसतात, पाठोपाठ काळी दाढी (काळं केसाळ शेवाळ), आणि दोष दुकानदाराला.

दोष त्याचा नसतो. हायग्रोफिला ही नुसती झाडं नव्हती, ती टाकीतली कामकरी मंडळी होती. माशांचा अमोनिया पहिल्यांदा तीच उचलत होती, पाण्याला प्राणवायू देत होती, वरून सावलीही धरत होती. अनुबियास ही तिची बदली नाही. अनुबियासला तीन-चार आठवड्यांत एखादं पान येतं, ती कितीसं खाणार? म्हणून झाडाच्या जागी झाड असा हिशेब केला की फसतो. आधी काम कमी करायचं, मग कामकरी.

काम कमी करायचं म्हणजे पहिल्यांदा प्रकाश. क्रम असा:

१. झाडांना हात लावण्याआधी दोन आठवडे दिवा ८ तासांवरून ६ ते ६.५ तासांवर आणा. डिमर असेल तर शिवाय तीव्रता २५-३० टक्क्यांनी कमी करा. डिमर नसेल तर दिवा १०-१५ सें.मी. वर उचला.

२. त्याच सुमारास पाण्यावर तरंगत्या वनस्पती सोडा, पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकेल इतक्या. साल्विनिया, पिस्टिया, किंवा नुसता मोकळा सोडलेला हॉर्नवर्ट. यांना मुळं रोवायची नसल्यामुळे नंतर काढताना तळ ढवळला जात नाही. जमिनीतलं जलदगती झाड जाणार, म्हणून त्याचं काम तात्पुरतं वरच्यांकडे सोपवायचं.

३. मग जमिनीतली झाडं काढायला घ्या. एका वेळी तळाचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा, दोन फेऱ्यांत किमान दोन आठवडे. सुरुवात पुढून किंवा मधून करा, मागची रांग सर्वांत शेवटी. मागच्या उंच झाडांच्या सावलीत नवी क्रिप्ट बिनधास्त रुजतात.

४. प्रत्येक फेरीनंतर लगेच ४० टक्के पाणी बदला, तीन दिवस खाणं निम्मं ठेवा, २४ आणि ४८ तासांनी अमोनिया तपासा.

५. सगळी रोवलेली झाडं गेल्यावर तरंगत्या वनस्पती दर आठवड्याला मूठ-मूठ काढा. घाई इथेच होते. तळ छान दिसायला लागतो आणि वरचं जाळं डोळ्यांत खुपतं.

एकंदर १० ते १४ आठवडे धरा. हिशेबासाठी धाग्यात ३ × १.५ × १.५ फुटी (९० × ४५ × ४५ सें.मी.) टाकी धरू. भरून १८२ लिटर होते, वाळू-दगड वजा जाता पाणी साधारण १५० लिटर.


दोनफुटी

माहितीपूर्ण धागा. एक शंका. रोपं उपटताना काळा गाळ वर येतो आणि पाणी गढूळ होतं. त्यापेक्षा कात्रीने तळाशी कापून मुळं तशीच ठेवली तर?


पाणवेल

तळ कोणता आहे त्यावर ठरतं.

खाली माती आणि वर वाळूचा थर असेल तर उपटूच नका, कापाच. माती वर आली की अमोनियाही वर येतो. अ‍ॅक्वासॉईलच्या (टाकीसाठी विकत मिळणाऱ्या पोषक मातीच्या) गोळ्यांनाही हेच लागू, विशेषतः टाकी सहा महिन्यांच्या आतली असेल तर. मात्र हायग्रोफिलाचं खुंट पेर शिल्लक असलं तर हमखास फुटतं, म्हणून वाळू बोटाने थोडी बाजूला सारून शेवटच्या पेराच्या खाली कापा.

नुसती वाळू किंवा बारीक खडी असेल तर उपटणं बरं, नाहीतर एवढी मुळं आत कुजतात. पण खेचायचं नाही. सायफनची नळी खोडाला चिकटवून चालू ठेवा, दुसऱ्या हाताने भोवतीची वाळू दाबून धरा आणि झाड हळूहळू वर घ्या. गाळ नळीतून बाहेर जातो. एका वेळी १५ × १५ सें.मी.चा चौकोन. बादली भरली की त्या दिवसाचं काम संपलं असं समजा. पाणी बदलणंही त्यातच उरकतं.

व्हॅलिस्नेरिया सर्वांत चिवट. तिचे धावरे (नवी रोपं फुटणाऱ्या आडव्या फांद्या) वाळूखालून टाकीभर गेलेले असतात. आधी प्रत्येक रोपामधला धावरा कापून घ्या, मग एकेक रोप. धावरा खेचत गेलात तर परवाच लावलेलं क्रिप्टही त्याच्यासोबत वर येईल.

सडक्या अंड्याचा वास आला तर थांबा, पाणी बदला, हवेचा पंप रात्रभर चालू ठेवा.


तराजू

वेळापत्रक ठीक आहे, पण "दोन आठवडे" हे माप आंधळं आहे. प्रत्येक टाकीचा खाणारा वेगळा. त्यापेक्षा छाटणी तोला. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

छाटलेली झाडं चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या आणि वजन करा. जलवनस्पतीच्या ओल्या वजनात कोरडा भाग ढोबळ ६ टक्के धरा आणि कोरड्यात नायट्रोजन ३ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम ओल्या छाटणीत ६ ग्रॅम कोरडा माल, त्यात ०.१८ ग्रॅम नायट्रोजन. नायट्रेटच्या भाषेत त्याला ४.४३ ने गुणायचं, म्हणजे ०.८ ग्रॅम. १५० लिटरमध्ये वाटलं तर ५ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) थोडं वर.

आता आठवड्याला ३०० ग्रॅम छाटणी निघत असेल तर ही झाडं दर आठवड्याला सुमारे १६ पीपीएम नायट्रेटइतका माल टाकीबाहेर नेत होती. ती गेल्यावर तो कुठे जाणार? एकतर खत तेवढं कमी करा, किंवा खाणं, किंवा पाणी जास्त बदला. आकडे ढोबळ आहेत, झाडागणिक बदलतील, पण अंदाज तर येतो. बहुतेकांना आपली टाकी आठवड्याला ५० ग्रॅम काढते की ४००, हेच माहीत नसतं.

माझं मत: छाटणी आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास असेल तर पाणवेल यांचं वेळापत्रक अर्ध्यात आणा. ३०० च्या पुढे असेल तर दुप्पट करा.


बुडबुडा

+१. काटा ही सोपी आणि चांगली युक्ती.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर लावलेल्यांसाठी भर. झाडं कमी झाली की तेवढ्याच बुडबुड्यांत पाण्यातला वायू वाढतो, कारण ओढणारं कोणी नाही. वर प्राणवायूही कमी तयार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर ड्रॉप चेकर (रंगावरून पाण्यातला सीओटू दाखवणारी कुपी) हिरव्याचा पोपटी, मग पिवळा होतो आणि संध्याकाळी मासे वर येऊन धापा टाकतात. प्रत्येक फेरीला बुडबुडे साधारण पाचव्या हिश्शाने कमी करा आणि दुसऱ्या दिवशी दिवा बंद व्हायच्या वेळी रंग पाहा. सकाळी पाहून उपयोग नाही.

अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट हे सीओटूशिवायही नीट जगतात. शेवटी सिलिंडर काढायचाच असेल तर तो झाडांच्या फेऱ्या संपून महिना झाल्यावर. एका वेळी दोन बदल केले की बिघडलं कशामुळे ते कळत नाही. आणि वायू आज जास्त, उद्या कमी असं होऊ देऊ नका. काळ्या दाढीला तेच हवं असतं.


निवांत_मासा

इतका खटाटोप कशाला? मासे बादलीत काढा, सगळं एका दिवशी उपटा, नवं लावा, ८० टक्के पाणी बदला, तीन दिवस दिवा बंद. झालं काम.


पाणवेल

होतं तसंही. पण अटी आहेत: तळ निव्वळ वाळूचा, फिल्टर टाकीच्या मानाने मोठा आणि जुना, मासे थोडे. दाट झाडांच्या टाकीत अमोनिया झाडंच खातात, त्यामुळे फिल्टरमधली अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वसाहत लहान राहते. झाडं एकदम गेली तर ती वाढायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे अमोनियात.

त्यात पाण्याचा पीएच महत्त्वाचा. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग १ टक्क्याहून कमी. पीएच ८ ला तोच ६ टक्क्यांच्या वर. म्हणजे धरणाच्या मऊ पाण्यावर खपून जाणारी घाई बोअरच्या जड पाण्यात माशांच्या जिवावर येऊ शकते.


निवांत_मासा

मान्य, बोअरचं पाणी असेल तर नाही. पण नळाचं मऊ पाणी, मोठा कॅनिस्टर फिल्टर आणि आठ-दहा टेट्रा एवढीच वस्ती असेल तर चौदा आठवडे ताटकळणं मला अजूनही अति वाटतं.


द्राक्षबाग

खतावर लिहितो, कारण इथे मोठी चूक होते. "हळू वाढणारी झाडं आहेत, खत बंद" असं करू नका. अनुबियासवर घट्ट हिरवे ठिपके चढतात त्यामागे जास्त प्रकाशाबरोबर फॉस्फेटचा तुटवडा हे नेहमीचं कारण असतं. जावा फर्नच्या जुन्या पानांना बारीक भोकं पडू लागली तर पालाश कमी पडतंय असं धरा.

महागड्या बाटल्या लागत नाहीत. कृषी सेवा केंद्रात मिळणारी विद्राव्य खतं चालतात:

१३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट): ५० ग्रॅम ५०० मिली आरओ पाण्यात. १० मिलीमध्ये १ ग्रॅम. १५० लिटरला १० मिली टाकलं की नायट्रेट सुमारे ३.८ आणि पोटॅशियम २.५ पीपीएमने वाढतं.

००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट): १० ग्रॅम ५०० मिलीत. १० मिली टाकलं की फॉस्फेट ०.९ पीपीएमच्या आसपास वाढतं.

चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं: वेगळ्या बाटलीत, वेगळ्या दिवशी. फॉस्फेटसोबत एकाच बाटलीत मिसळलं तर लोहाचा साका तळाशी बसतो.

जुनी झाडं होती तेव्हा आठवड्यातून तीनदा देत असाल, तर बदलाच्या शेवटी आठवड्यातून एकदा पुरे. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट १ च्या आसपास राहू द्या. मासे बरेच असतील तर नायट्रेट त्यांच्याकडूनच मिळतं, मग १३:००:४५ ऐवजी ००:००:५० वापरा. त्यात नुसतं पालाश आणि गंधक.

आणि १९:१९:१९ चुकूनही नको. पिशवी शेजारीच ठेवलेली असते, दिसायलाही तशीच. पण त्यात अमोनियम आणि युरिया असतो. माशांच्या टाकीत त्याला जागा नाही.


शेवाळशत्रू

द्राक्षबाग, तुमचं पटतं, पण क्रम उलटा वाटतो. नवी मंडळी हे वाचून आधी फॉस्फेट ओततील आणि दिवा तसाच दहा तास चालू ठेवतील. ठिपक्यांवर पहिला इलाज प्रकाशच. अनुबियासला २०-४० पारच्या (पार म्हणजे झाडांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) वर काही नको. पार मीटर कोणाकडे नसतो; पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की ढोबळ पार मिळतो. उंच झाडं गेल्यावर खालच्या पानांवरचा प्रकाश दुप्पट-तिप्पट होतो, हे डोळ्यांना कळत नाही, शेवाळाला कळतं.

ओळख आणि उपाय थोडक्यात:

घट्ट हिरवे ठिपके: प्रकाश कमी, फॉस्फेट १ पीपीएम. आलेले ठिपके जात नाहीत, सर्वांत जुनी पानं कापून टाका. नेराइट गोगलगाई काही प्रमाणात खरवडतात.

काळी दाढी: सीओटू अस्थिर, किंवा प्रवाहासमोर गाळ साचतोय. दगडासकट झाड बाहेर काढा, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फवारा, दोन-तीन मिनिटं थांबा, धुऊन परत ठेवा. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं असतं. लेबल बघा, तेवढंच पाणी मिसळून निम्मं करा. दाढी आधी गुलाबी होते, मग पांढरी पडते.

हिरवं पाणी: फेरी फार मोठी घेतलीत किंवा तळ ढवळला. तीन दिवस टाकी चादरीने पूर्ण झाका, हवेचा पंप चालू ठेवा, नंतर निम्मं पाणी बदला.

तपकिरी धूळ: बोटाने पुसा आणि सोडून द्या.


दोनफुटी

नवीन झाडं लावण्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? किती आणि कशी?


पाणवेल

९० × ४५ सें.मी. तळाचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण १००० चौ. सें.मी. क्रिप्टोकोरायने वेन्डटी १० सें.मी. अंतराने लावली तर फेरीला दहा रोपं. टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत जेलीत वाढवलेल्या रोपांच्या) कपातून सहा-आठ जुडगे निघतात. जेली नळाखाली पूर्ण धुवा, उरली तर बुरशी धरते. मुळांजवळ खताची गोळी ५ सें.मी. खोल, १२-१५ सें.मी. अंतराने. उथळ ठेवलेली गोळी पाण्यात विरघळते आणि आपण शेवाळ पोसतो.

क्रिप्ट लावल्यावर आठवड्याभरात पानं काचेसारखी होऊन विरघळतात. घाबरून उपटू नका, जागाही बदलू नका. मुळं जिवंत असतात, तीन ते सहा आठवड्यांत नवी पानं येतात. फक्त विरघळलेली पानं रोज काढा, ती कुजून अमोनिया देतात. म्हणूनच दहाहून जास्त क्रिप्ट एका वेळी लावायची नाहीत.

अनुबियास, ब्युसेफलान्ड्रा आणि जावा फर्न यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही. पुरलं की सडतं. दगडाला किंवा लाकडाला चिकटवा. सायनोअ‍ॅक्रिलेट जेल वापरा, पातळ नको. वाटाण्याएवढा थेंब, खोड टिपकागदाने कोरडं करून ३० सेकंद दाबा. सुती दोरा महिन्याभरात कुजतो, नायलॉनचा बांधा.

घेताना खोड दाबून पाहा. मऊ, पिवळसर आणि वास येणारं असेल तर घेऊ नका. ही सड लागण पसरवते. टाकीत दिसली तर टणक हिरवा भाग लागेपर्यंत कापा.

जावा फर्नच्या पानाखाली काळे ठिपके रांगेत दिसले तर ते बीजाणू. रोग नाही.


सह्यकडा

दगडाचा विषय निघालाच आहे तर: आपला काळा बसाल्ट टाकीला उत्तम, पाण्याचा जडपणा वाढवत नाही. पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे असतात. ते झिओलाइटही असू शकतात आणि कॅल्साइटही. कॅल्साइट असेल तर जडपणा वाढतो. पांढऱ्या भागावर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचा थेंब टाका. फसफसलं तर तो दगड बागेत. व्हिनेगर फार सौम्य, त्यावर विसंबू नका. तपासलेला दगड भरपूर पाण्याने धुवा.

आणि क्रिप्टबद्दल. क्रिप्टोकोरायने स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस आपल्याच सह्याद्रीतल्या, कोकणातल्या ओढ्यानदीकाठच्या. कॉग्नाटा तर कोकणातली प्रदेशनिष्ठ. जंगलातून उपटून आणू नका. नर्सरीत वाढवलेली स्पायरॅलिस मिळते. पानं लांब, नागमोडी, म्हणून मागच्या रांगेत व्हॅलिस्नेरियाच्या जागी शोभते. वाढ संथ, धावरे बेताचे.


सातासमुद्रापार

इकडे अमेरिकेत हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा दोन्ही संघीय तणांच्या यादीत आहेत. साल्विनिया मोलेस्टाही. तालीमखान्याची (तोही हायग्रोफिलाच) बहीण इथे गुन्हेगार! त्यामुळे पाणवेल यांच्या दुसऱ्या पायरीसाठी आम्ही हॉर्नवर्ट किंवा वॉटर स्प्राइट तरंगत सोडतो. काम तेच.


मनीप्लांट

कोणीच लिहिलं नाही म्हणून: टाकीच्या मागच्या काठावर मनीप्लांटच्या चार-पाच फांद्या अडकवा, फक्त मुळं पाण्यात, पानं बाहेर. पानांना हवेतला सीओटू फुकट मिळतो, त्यामुळे नायट्रेट जोरात ओढतात. पाण्यातला प्रकाश कमी केल्याने त्यांचं काही बिघडत नाही. तरंगत्या वनस्पती काढल्यावर कायमची सोय. फांद्या आधी साध्या पाण्यात ठेवून पाच-सहा सें.मी. मुळं फुटू द्या, नाहीतर कापलेलं टोक कुजतं. गोल्डफिशसारखे कुरतडे मासे असतील तर जाळीच्या कप्प्यात ठेवा.


बुडबुडा

उत्तम. फक्त मुळं फिल्टरच्या तोंडापासून लांब. वर्षभरात इनलेटच्या जाळीत शिरतात आणि प्रवाह निम्मा होतो.


दोनफुटी

हे सगळं उन्हाळ्यात करावं की थांबावं? आणि काढलेल्या झाडांचं काय करायचं? तळ्यात सोडली तर?


पाणवेल

एप्रिल-मेमध्ये नको. पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात ७.५ पीपीएमच्या वर प्राणवायू मावत नाही, क्रिप्टही जास्त विरघळतात. त्यात दुपारी वीज गेली की फिल्टर बंद. पावसाळ्याचा पहिला महिनाही टाळा, नळाचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा डोस वरखाली होतो, तेव्हा वारंवार पाणी बदलणं धोक्याचं. गणपतीनंतर सुरू केलंत तर थंडी सरायच्या आत संपतं.

तळ्यात, ओढ्यात, नाल्यात काहीही सोडायचं नाही, हॉर्नवर्ट इथलाच असला तरी. टाकीतल्या गोगलगाई आणि त्यांची अंडी सोबत जातात. केरळात काबोंबाने कालवे भरले, साल्विनियाने भातशेती. गच्चीत दोन दिवस कडक उन्हात पसरा, कुरकुरीत झाली की कुंडीत. खत म्हणून झकास, नायट्रोजन तर तराजू यांनी मोजूनच दिलाय.


तराजू

ओली टाकू नका, चिलटं होतात. आणि वाळवल्यावर पुन्हा एकदा वजन करा. मी धरलेले ६ टक्के तुमच्या झाडाला लागू पडतात का ते तिथेच कळेल.